वांझ आंब्याचं गाणं

माझे बाबा आमच्या गावच्या जाखडी नाचाची गाणी रचतात. पोलादपूरच्या डोंगरातलं आमचं गाव. गणपतीत नाचाचं मंडळ घरोघरी फिरतं, पोरं पायात चाळ बांधून गोल नाचतात आणि बाबा मधे बसून गातात. दरवर्षी नवी गाणी लागतात. ती ते गवत कापताना रचतात. लिहून काहीच ठेवत नाहीत.

लग्न होऊन मी महाडला आले, त्याला बरीच वर्षं झाली. मूल नाही. दवाखाने करून झाले, आता आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही. गणपतीला मात्र मी माहेरी जातेच.

त्या वर्षी दिवेलागणीला मंडळ आमच्याच अंगणात आलं. मी ओटीवर बायकांत बसले होते, भावाचा धाकटा माझ्या मांडीवर पेंगत होता. बाबांनी नवं गाणं धरलं:

आंब्याला नाय मोहर, नाय कैरी, तरी सावली धरली गो
ज्यांनी म्हटलं वांझ तयाला, त्यांचीच पोरं निजली गो

दुसरी ओळ पोरांनी उचलून धरली. वांझ, वांझ, असं अंगणभर घुमायला लागलं. समोरच्या काकूने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. वहिनीने हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या हाताने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराला तिच्या मांडीवर दिलं आणि मागच्या दाराने परड्यात जाऊन उभी राहिले. कान, मान, सगळं तापलं होतं. गाणं काही संपत नव्हतं.

सकाळी बाबा गोठ्यात होते. मी गेले आणि बोलूनच टाकलं.

"गावासमोर मला वांझ म्हणालात बाबा. तेही गाण्यात."

त्यांनी हातातली गवताची पेंडी खाली ठेवली.

"अगो, तो फाट्यावरला आंबा," ते म्हणाले. "हायवेवाल्यांनी तोडला ना तो. त्याला कधी मोहरच आला नाय. वांझ आंबाच म्हनायचे त्याला. विसरलीस?"

विसरलेच होते. शाळेत असताना एसटीची वाट बघत मी त्याच आंब्याखाली बसायचे. आदल्या दिवशी फाट्यावर उतरले, तर तिथे नुसता मुरुमाचा ढीग होता, आणि झाड नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. बाबांनी एका झाडासाठी गाणं रचलं आणि मी ते स्वतःवर ओढून घेतलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

माफी मागायला हवी होती, ती राहून गेली. पुढे मंडळ दुसऱ्या वाड्यांवर फिरलं, तिथे बाबांनी ते गाणं म्हटलंच नाही. भाऊ घरी येऊन सांगायला लागला, "पोरं मागतायत, तर बाबा म्हनतायत शब्द आठवत नाय." ज्या माणसाला तरुणपणीची गाणी अजून तोंडपाठ आहेत, त्याने गावापुढे विसरल्याचं सोंग घेतलं, ते माझ्यामुळे.

विसर्जनाच्या दिवशी ते एकटे बसले होते, तेव्हा मी म्हणाले, "बाबा, ते आंब्याचं म्हणा आज. मी बसेन ऐकायला."

"नको बाय. तुला लागतंय."

"झाडाचंच आहे ना? मग का लागेल?"

ते म्हणाले, "झाडाचंच हाय. पन दुसरी ओळ काय जुळत नव्हती. होळीला तू आलेलीस तवा भावाचं पोरगं तुझ्या मांडीवर झोपलेलं. तुला बघितलं नि ओळ जुळली. खोटं कशाला बोलू?"

आता तर मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली. मी आत निघून गेले.

बाबांनी ते गाणं पुन्हा म्हटलं नाही. पण पहिल्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर काढलेलं होतं, ते फिरत फिरत महाडपर्यंत आलं. एका दुपारी मी शेजारच्या भाभींकडे गेले होते. त्यांचे मिस्टर कुवेतला असतात. भाभींच्या फोनवर बाबांचा आवाज लागला होता.

"ऐका हे," भाभी म्हणाल्या. "आमच्या ह्यांचंच गाणं आहे. तिकडे उन्हात उभे, आणि सावली इथे आमच्यावर. मी रोज लावते."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. हे माझ्या बाबांचं गाणं आहे, एवढं सांगायला काय हरकत होती? पण सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. वांझ शब्द आला तेव्हा मी खाली बघितलं. भाभींचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

"कुठल्या गावचे आहेत हो हे बुवा?" त्यांनी विचारलं.

"पोलादपूरकडचे असतील," मी म्हणाले, आणि चहाचा कप विसळायला उठले.