विश्वविजय घोडविंदे हे नाव कसं पडलं

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसाच! एवढ्या वर्षांनी मीही हसतो, फक्त बायको घरात नसताना.

आमचं आडनाव घोडविंदे. मुरबाड-शहापूरकडे या आडनावाला मान आहे हो, पण त्याच्यापुढे शोभेल असं नाव शोधायला बसा म्हणजे कळेल! कितीही नाजूक नाव लावा, मागून टापांचा आवाज येतोच.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. वंदनाला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेलेले. आम्ही दोघं धसईच्या घरात ओसरीवर बसून नावं म्हणून बघायचो. मी मास्तरांसारखी हजेरी घ्यायचो.

"पीयूष घोडविंदे!"

"शी!"

"प्रणव घोडविंदे!"

"अडखळतंय ओ कुठंतरी."

असं करत करत एक दिवस म्हणालो, "सोहम घोडविंदे!" आणि वंदनानं टाळीच दिली. डब्याला झाकण बसावं तसं बसलं! मुलगी झाली तर काय, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. वंदना तर त्या दिवसापासून पोटावर हात ठेवून 'सोहम, सोहम' म्हणायला लागली.

पण माझ्या जिवाला घोर लागला. नितीनचा!

नितीन माझा चुलत भाऊ. माझ्याहून सहा महिन्यांनी धाकटा, पण सगळ्यात पुढे. कंपनीत पर्मनंट, शहापूरला फ्लॅट. मला त्याचा हेवा वाटायचा का? अहो, जळायचो मी! मी लाल मोटरसायकल घ्यायचं ठरवलं, चार लोकांना सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात हा लाल मोटरसायकलवर बसून माझ्याच दारात! मी लग्नात व्हिडिओ शूटिंग ठेवणार म्हणालो, तर यानं आधी लग्न करून शूटिंगही उरकलं. माझ्या लग्नात लोक म्हणाले, "काय रे, नितीनचं बघून ठेवलंस का?" सांगा, डोकं फिरणार नाही?

आणि आता त्याच्याही बायकोला दिवस गेलेले. तारीख आमच्या आधी महिनाभर! म्हणजे आडनाव तेच आणि बारसं त्याचं आधी. त्याला 'सोहम' कळलं की संपलंच.

मग मी डोकं चालवलं. तिथेच चुकलं.

नितीनला नाव ढापायचंच आहे ना? ढापू दे! पण असं नाव ढापू दे, की त्याचं पोर जन्मभर बापाला शिव्या घालेल. मी एक नाव तयार केलं, विश्वविजय. विश्वविजय घोडविंदे! म्हणून बघा. मध्ये पाणी प्यावं लागतं.

ते पोचवायचं कुणामार्फत? आमची सुनंदाताई! माझी सख्खी बहीण, खर्डीला दिलेली. माझ्या बाळाची आत्या तीच आणि नितीनला सख्खी बहीण नाही, म्हणून त्याच्याही बाळाची आत्या तीच. दोन्ही बारशांना बाळाच्या कानात नाव सांगणार तीच. आणि ताईच्या पोटात गोष्ट राहत नाही.

मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "ताई, कुणाला बोलायचं नाय हां. मुलगा झाला तर विश्वविजय."

"अगो बाई! केवढं मोठं नाव रे! नाय बोलत कुणाला."

मी खुशीत घरी आलो. वंदनाला यातलं काही सांगितलं नाही. तिला असले डाव आवडत नाहीत.

आता देवाची करणी बघा. डॉक्टरांनी नितीनच्या बायकोची तारीख महिनाभर पुढे सांगितली आणि वंदना लवकर बाळंत झाली. मुलगा! बारसं आमचं आधी! मी म्हटलं, चला, जिंकलो. ताई आली की तिच्या कानात खरं नाव सांगायचं, काम फत्ते.

बारशाच्या सकाळी पाहुणे यायला लागले. पहिले आले वंदनाचे भाऊ. हातात स्टीलचा हंडा. आमच्याकडे भांडं द्यायचं तर दुकानातल्या टरटर करणाऱ्या मशीनवर नाव घालूनच देतात. मी डोळे चोळून दोनदा वाचलं.

'चि. विश्वविजय यास मामाकडून सप्रेम भेट.'

मागून मावशी आल्या. ताट. विश्वविजय! सासऱ्यांचा तांब्या. विश्वविजय! नाव एवढं लांब की तांब्याला वळसा घालून परत सुरुवातीला भिडलेलं. ताईनं अख्ख्या तालुक्यात नाव वाटलं होतं.

वंदना बाळाला घेऊन दारात उभी. भांडी बघतेय, मला बघतेय. "कोण ओ हा विश्वविजय?"

"थांब जरा, सांगतो," म्हणत मी पळालो आणि ताईला पडवीत गाठलं. "ताई, नाव सोहम ठेव!"

"सोहम? ब्येस आहे रे. पण आता? माझ्या सासऱ्यांनी पितळेची घागर आणलीय, नाव घालून! मी त्यांच्यासमोर खोटी पडू? आन् मला ते विश्वविजय सांगितलंस कशाला मग?"

कशाला सांगितलं! आता आली का पंचाईत? खरं कारण सांगायचं तर नितीन समोरच सतरंजीवर बसलेला, माझ्याच पाहुण्यांना सरबत वाटत होता. तोंड उघडलं तर माझी अब्रू जाते, नाही उघडलं तर पोराचं नाव जातं.

मी अब्रू वाचवली.

पाळण्याभोवती बायका जमल्या. ताई वाकली, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' झालं, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले आणि ताई ओरडली, "विश्वविजय!" त्यातले निम्मे बुक्के खरं तर माझ्या पाठीत पडायला हवे होते. वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, आनंदाचं.

नितीननं माझा हात दाबला. "दादा, नाव एक नंबर! आपल्याला नाय बा असं सुचत."

त्या रात्री वंदनानं माझ्याकडून सगळा डाव वदवून घेतला. तीन आठवड्यांनी नितीनलाही मुलगा झाला. शहापूरला हॉल घेऊन बारसं. आम्ही तिघं गेलो. ताई पाळण्यावर वाकली. कुर्रर्र! बुक्के! आणि ताई ओरडली,

"सोहम!"

माझ्या हातातला पेढा खाली पडला. ताई माझ्याकडे बघून हसत म्हणाली, "तुमच्याकडे पडूनच होतं ना रे? चांगलं नाव वाया कशाला घालवायचं?"

मी काही बोलायच्या आत नितीननं मला ओढत पुढे नेलं. माझ्या खांद्यावर टॉवेल, हातात नारळ, सत्कारच! आणि भरल्या हॉलमध्ये माईक घेऊन म्हणाला, "मंडळी, हे नाव आमच्या दादानं काढलेलं! स्वतःच्या पोराला ठेवलं नाय, माझ्या पोरासाठी राखून ठेवलं! नायतर आजकाल भाऊ भावावर जळतात!"

अख्खा हॉल टाळ्या वाजवायला लागला.

सगळ्यांत जोरात वाजवत होती माझी बायको.