वन्संची सही

घर बघायला गिऱ्हाईक आलं की शकूमावशी आधी त्याला घरातले दोष दाखवायच्या. "हितं पावसाळ्यात ओल येती. ही खिडकी एकदा लावली की उघडत न्हाई. मागनं म्हनू नका, बाईनं सांगितलं न्हाई." चहा त्यानंतर. लोणी गावात त्यांची-आमची भिंतीला भिंत. हे सगळं मला ओट्यावर ऐकू यायचं आणि मी कपाळाला हात लावायचो.

नवरा गेल्यावर त्या एकट्याच राहत होत्या. एकदा न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि मी कामावरून येईपर्यंत कुणाला कळलंच नाही. तेव्हा मंचरला दिलेल्या लेकीनं हट्ट धरला, घर विक आणि माझ्याशेजारी खोली घे. मावशींनाही ते पटलं. भांडी, गाद्या लेकीकडे पोचल्यासुद्धा. इकडे उरलं एक पातेलं, तवा आणि अंथरूण.

दोष ऐकूनही एक शिक्षक जोडपं घर घ्यायला तयार झालं. मग त्यांच्या कर्जासाठी बँकेनं कागद मागितले आणि सगळं अडलं. घर अजून मावशींच्या सासऱ्यांच्याच नावावर होतं. घोडेगावच्या वकिलानं सांगितलं, "सगळ्या वारसांच्या सह्या लागतील." परगावी स्थायिक झालेल्या दिरानं लगेच हक्क सोडला. राहिली नणंद, खोडदच्या कुसुमबाई.

मी मावशींना मोटारसायकलवरून खोडदला नेलं. कुसुमबाईंनी वहिनीचे दुखरे गुडघे पाहून खुर्ची दिली, गरम भाकरी वाढली. विषय निघाला तशी त्यांची मान खाली गेली.

"तुमचा हिस्सा देते ना, वन्सं," मावशी म्हणाल्या.

"मला हिस्सा नको, वहिनी. आई गेली, दादा गेला. दिवाळीला यस्टीत बसायचं ते कुठं जायला? सही केली की माझं माहेर गेलं."

मावशींनी हातातला भाकरीचा तुकडा संपवला. मग उठल्या. "चला भाऊ."

परतताना नारायणगावला चहाला थांबलो. मी चिडून म्हणालो, "कोर्टात जाता येतं, मावशी."

"कोर्टात काय म्हनू? हिचं माहेर मोडा म्हनू? माझ्या भावांनी घर इकलं तवा मला कुनी इचारलं बी न्हाई. लई रडले व्हते मी."

शिक्षक जोडप्यानं दुसरं घर घेतलं. लेक रुसली, येईनाशी झाली. मावशी खोडदला पुन्हा विचारायला गेल्या नाहीत आणि लेकीकडून भांडीही परत मागवली नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायच्या, "संसार तिकडं, मी हिकडं. ना जाता येतंय, ना ऱ्हाता येतंय." रात्री भिंतीपलीकडून त्यांची काठी ऐकू यायची, या खोलीतून त्या खोलीत.

दिवाळीला मात्र वन्सं यायच्या. मावशी आमच्याकडून ताटं, कढई मागून न्यायच्या. मग भिंतीपलीकडून नणंद-भावजयीच्या हसण्याचा आवाज यायचा. सहीचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. दहाव्याला कुसुमबाई आल्या. सगळं उरकल्यावर त्या रिकाम्या खोलीत उभ्या राहिल्या आणि भाचीला म्हणाल्या, "कागद आन बाई. कुठं सही करायची ते दाव."

लेकीचे डोळे सुजले होते. "आत्या, आता कसली घाई?"

"घाई न्हाई गं," कुसुमबाई म्हणाल्या. "पर आता हितं कुनाकडं येऊ मी?"