ओढ्यासाठी उचललेला भंडारा

भाची अजून मान धरत नव्हती, तेव्हाची गोष्ट. वहिनीला दूध पुरत नव्हतं म्हणून बाळीला वरची पावडर चालू केली होती. एके दिवशी तिच्या ओठांवर निळसर झाक दिसली आणि माझे आई-वडील तिला घेऊन वैरागच्या दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी आधी विचारलं, दुधाची पावडर कुठल्या पाण्यात कालवता? आई म्हणाली, गावच्या विहिरीच्या, पण चांगलं खळखळ उकळून. डॉक्टर म्हणाले, पाण्यात शेतातलं खत उतरलं असेल तर ते उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि खत दाट होतं. पाणी तपासायला पाठवलं, ते खराब निघालं.

आईला हे फार लागलं. नातीला आपण रोज आपल्या हातानं विष पाजलं, असं ती महिनाभर म्हणत होती. मी सोलापुरात शाळेत शिकवते, आणि जलप्रदूषणाचा धडा किती वर्षं शिकवला असेल त्याची गणती नाही. त्या धड्यात कारखान्याच्या धुराड्याचं आणि काळ्या पाइपाचं चित्र आहे. कांद्याच्या वाफ्याचं चित्र नाही.

आमच्या गावची पिण्याची विहीर बंधाऱ्याला लागून आहे, आणि बंधाऱ्यात येतो तो आमचाच ओढा. ओढ्याच्या दोन्ही काठांनी काळी जमीन, अगदी पाण्याला टेकेपर्यंत नांगरलेली. पूर्वी काठाला गवत होतं, करंज होते. ट्रॅक्टर आले तसा दरवर्षी नांगराचं एकेक तास पुढे सरकत काठ कोरला गेला. भावाचा बांध कोरला तर भाऊ कुऱ्हाड घेऊन येतो. ओढ्याचा कोरला तर कोण येणार? पाऊस मोठा झाला की शेतात तुंबलेलं पाणी बांध फोडून ओढ्यात सोडायचं, ही तर आमच्याकडची जुनी रीत. त्या पाण्याबरोबर माती जाते आणि नुकताच टाकलेला युरियाही जातो. बंधारा गाळानं अर्धा भरला होता आणि वरच्या पाण्याला हिरवी साय धरली होती.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वडील उभे राहिले. एरवी ते सभेत तंबाखू मळण्यापलीकडे काही करत नाहीत. ते म्हणाले, "सरकारचा कायदा यील तवा यील. आपुन आदी आपला करू." ठराव झाला: काठापासून कासराभर, म्हणजे बैलाच्या दोरीएवढी, जागा नांगरायची नाही, तिथं गवत राखायचं, आणि खत टाकल्यावर बांध फोडून पाणी ओढ्यात सोडायचं नाही. दंडाचं निघालं तेव्हा लोक हसले. आमच्या गावात दंड कुणी भरल्याचं कुणाला आठवत नाही. मग एक म्हातारे म्हणाले, "कागदाला कोन भितंय? बिरोबाचा भंडारा उचला."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे माणूस कोर्टात बिनदिक्कत खोटं बोलेल, पण बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडणार नाही. ज्यांच्या नावावर ओढ्याकाठची जमीन, त्या सगळ्यांनी देवळात जाऊन हळदीच्या ताटात हात घातला. सगळ्यात आधी वडिलांनी. त्या रविवारी मी घरी गेले तर त्यांच्या नखांत पिवळं तसंच होतं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले.

भादव्यात एका रविवारी दुपारी पाऊस आला. भाऊ अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला, तो तिकडेच होता. मी घरी होते. आदल्याच दिवशी वडिलांनी कांद्याला युरिया टाकला होता. दीड-दोन तासांत वाफे दिसेनासे झाले, नुसता पाण्याचा पत्रा. कांद्यात पाणी थांबलं की तो मुळापासून सडतो, हे सांगायला कृषिखात्याची गरज नाही.

वडील उंबऱ्यात बसले होते. आई आत-बाहेर करत होती. शेवटी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अवो, असंच बगत बसायचं व्हय?"

"मी भंडारा उचललाय."

आईनं दाराबाहेरच्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी उचललाय. मी कुटं उचललाय?"

सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, म्हणून देवळात तिला कुणी बोलावलंच नव्हतं. तिनं पदर खोचला आणि कोपऱ्यातलं खोरं घेतलं. वडील जा म्हणाले नाहीत आणि जाऊ नको असंही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त पाय बाजूला घेतले, तिला वाट दिली. मला त्यांचा भयंकर राग आला. मी इरलं घेतलं आणि आईच्या मागे गेले.

ओढ्यावर पोहोचलो आणि मी जागेवर थांबले. दोन्ही काठांना बायकाच बायका. गावातला एक पुरुष नाही. प्रत्येकीच्या हातात खोरं, आणि बांध फुटून काळं पाणी धो धो ओढ्यात पडत होतं. शब्द देणारे सगळे घरात चहा पीत बसले होते आणि देव कुणावरही कोपणार नव्हता. पलीकडच्या काठाला खुद्द सरपंचबाई गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. कुंपणानंच शेत खायला घेतलं म्हटल्यावर बोलायचं कुणाला? त्यांनीच आईला ओरडून सांगितलं, "अक्का, लवकर फोडा की! आमचं झालं."

आईनं खोरं उचललं, आणि तसंच धरून राहिली. मी म्हणाले, "आई, बाळी." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ठावं हाय मला," म्हणाली, आणि बांधावर घाव घातला. पाणी सुटलं तेव्हा ती रडत होती. पावसात मला ते तोंडावरून नाही, खांद्यांवरून कळलं.

अर्धाअधिक कांदा वाचला. बंधाऱ्याचं पाणी आठवडाभर चहासारखं होतं. बाळीचं पाणी वडील वैरागहून जारमध्ये मोपेडवरून आणत होते, ते आणत राहिले. जेवताना आई-वडील एकमेकांशी मिठापुरतंही बोलत नसत, असं वहिनी मला फोनवर सांगायची.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला सुट्टी म्हणून मी गेले होते. ओढ्याचा विषय निघाला. एकेक जण उठून सांगू लागला, मी शब्द मोडला नाही. सगळे खरंच बोलत होते. आमच्याकडे बायका सभेला आल्या तरी बाहेर ओट्यावर बसतात. आई ओट्यावरून उठली आणि आत गेली.

"फोडलं आमी," ती म्हणाली. "मी बी फोडलं. आन् तुमास्नी समद्यास्नी ठावं हुतं."

सरपंचबाई खाली बघत होत्या. आई म्हणाली, "आता आमास्नी भंडारा उचलू द्या."

मागून एक जण म्हणाला, "बायकांनी उचलायची रीत न्हाय."

"आन् फोडायची हाय व्हय?"

ती एकटीच देवळाकडे निघाली. मी वळून पाहिलं तर वडील उठले होते. पुजारी का-कू करत असताना त्यांनीच आत जाऊन हळदीचं ताट आणलं आणि तिच्यापुढे धरलं. आईनंतर सरपंचबाईंनी हात घातला, मग एकेक करून बाकीच्या. सगळ्या नाही आल्या, पण बऱ्याच आल्या.

पुढच्या वर्षी तो पाऊस आलाच. या खेपेला उंबऱ्यात दोघंही बसली होती. एकदोघांनी लपूनछपून फोडलंच म्हणतात, पण आमच्या काठानं गवत उभं होतं आणि बांध शाबूत होता. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा शेताला सडक्या कांद्याचा वास सुटला होता. आई एकेक कांदा उपटून बघत होती आणि टाकत होती. मी तिच्याबरोबर उपटायला बसले. हाताला लागले ते बहुतेक पिचकेच.

संध्याकाळी बाळी अंगणात धरून धरून चालत होती. वहिनी रिकामा जार घेऊन बाहेर आली आणि जरा भीत भीतच म्हणाली, "आई, आता हिला हिरीचं पानी दिलं तर चालंल का?"

आईनं हात धुतले, पुसले. बाळीला उचलून कडेवर घेतलं.

"न्हाय गं," ती म्हणाली. "अजून न्हाय."