धार लावलेली निब

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात घरातली सगळी हत्यारं रांगेत मांडली जातात. कोयता, विळा, कुऱ्हाड, आईची विळी आणि बैल गेल्यापासून नुसताच पडून राहिलेला नांगराचा फाळ. बाबा दगडावर पाणी शिंपडतात आणि एकेकाला धार लावतात. बोथट हत्यार पूजेला ठेवायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. त्या वर्षी मी संध्याकाळी कॉलेजातून गडबला, आमच्या गावी, परत आले तेव्हा रांगेत सगळ्यात शेवटी, विळीच्या शेजारी, माझं शाईचं पेन होतं. टोपण काढून ठेवलेलं. निब लखलखत होती.

"तुझ्यापन हत्याराला लावली," बाबा म्हणाले. "पार बोथट झालं होतं गो. टोकाला गोळा आला होता."

निबेच्या टोकाला कठीण धातूचा एक बारीक मणी असतो. त्याच्यामुळे ती कागदावर न अडता फिरते. जगभरातले लोक तो मणी जिवापाड जपतात, हे मला पुढे कळलं. बाबांनी तो मुळासकट काढला होता आणि मग निब दोन्ही बाजूंनी निगुतीने घासली होती. अर्धवट काम करायची त्यांना सवय नाही.

दुसऱ्या दिवशी आईने त्या निबेवर हळद-कुंकू वाहिलं. पूजेनंतर मी निब धुतली आणि वहीवर एक ओळ ओढून पाहिली. शाई काही उतरली नाही, पण कागद कापला गेला. खालचाही. धार उत्तम होती, हे मान्य करायला हवं.

"चालतंय ना?" बाबांनी दारातून विचारलं.

"चालतंय," मी म्हणाले.

ते पेन मला पेणच्या एका बाईंनी दिलं होतं. त्यांनी मला दहावीला इंग्रजी शिकवलं होतं, आता त्या निवृत्त आहेत. पेन त्यांच्या वडिलांचं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे पेन आलं त्या दिवशीच त्याला देव्हाऱ्याच्या फळीवर जागा मिळाली. बाबा डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहेत. माझ्या प्रवेशाच्या दिवशी ते शिफ्ट बुडवून आले आणि कॉलेजच्या गेटबाहेरच उभे राहिले. आत आपलं काय काम, म्हणाले. माझ्या शिक्षणासाठी स्वतःच्या हातांनी करता येईल असं काहीतरी त्यांना त्या दसऱ्याला पहिल्यांदाच सापडलं होतं, आणि नेमकं तेच त्यांनी फार मनापासून केलं होतं. हे त्यांना कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मला अजूनही सुचलेलं नाही. तेव्हा तर नाहीच नाही. म्हणून मी ठरवलं की निब बदलायची आणि बाबांना कळू द्यायचं नाही.

आधी मी मोबाईलवर शोधलं. जुन्या पेनांच्या शौकिनांचा एक ग्रुप सापडला. फार प्रेमळ माणसं. एकाने सांगितलं, आधी पेनाची कंपनी ओळखा, मग साल, मग निबेचा नंबर, मग पुढचं बोलू. माझ्या पेनावरची अक्षरं केव्हाच पुसून गेली होती, त्यामुळे पुढचं बोलणं झालंच नाही. दुसऱ्याने कळवलं की मूळची निब गेली की पेनाचा आत्माच जातो. मी भीत भीत फोटो टाकला. तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, हे कोणत्या राक्षसाचं काम? तो राक्षस त्या वेळी पडवीत बसून माझ्यासाठी सुके बोंबील भाजत होता. मी ग्रुप सोडला.

मग पेणचा बाजार पालथा घातला. पहिल्या दुकानात निब म्हटल्यावर दुकानदाराने जेल पेनांचा अख्खा डबा पुढे सरकवला. दुसऱ्याने वडीलकीच्या नात्याने चौकशी केली. "कुठल्या वर्षाला आहेस? आणि अजून शाईनं लिहितेस? कॉलेजात काय ताम्रपट लिहायला देतात काय गो?" तिसऱ्याने पेन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं, तेव्हा मला जरा आशा वाटली.

"पेणात तुला गणपतीचा कान मिळेल," तो म्हणाला, "सोंड मिळेल, उंदीरपन मिळेल. निब नाय मिळायची."

इकडे बाबा रोज शिफ्टवरून आले की हातपाय धुवायच्या आधी विचारायचे, "लिहितेस ना त्यानं?" मी हो म्हणायचे. कॉलेजात मी त्या पहिल्या दुकानातल्या जेल पेनाने लिहीत होते.

शेवटी बाईंकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग म्हणाल्या, "अगं, माझ्या वडिलांनीच कितीदा बदलली होती ती. रोह्याला बाजारपेठेत एक दुकान होतं, तिथून आणायचे. बघ अजून आहे का." म्हणजे पेनाचा आत्मा या आधीच बऱ्याचदा येऊन-जाऊन होता. ग्रुपवर हे सांगायला मी उरले नव्हते, याचं थोडं वाईट वाटलं.

रोह्याला एसटीने गेले. आपला महामार्ग सध्या होतोच आहे, त्यामुळे नागोठण्यापर्यंत अंगातलं प्रत्येक हाड कुठे आहे ते नीट कळतं. दुकान मात्र होतं. गल्ल्यावर एक म्हातारे काका पेपर वाचत बसले होते.

"काका, शाईच्या पेनाच्या निबा आहेत?"

"हायत."

मला खरंच रडू येईल असं वाटलं.

"पण विकायला नायत," पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले.

"मग?"

"ठेवल्यात."

मी तशीच उभी राहिले. शेवटी त्यांनी हात पुढे केला, म्हणून मी पेन दिलं. निब उजेडात धरून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "याच्यावर कांदे चिरता काय तुम्ही?"

"बाबांनी धार लावली. दसऱ्याला."

काकांनी पेपर खाली ठेवला आणि दुकानामागच्या घराकडे तोंड करून ओरडले, "अगो, ऐकलंस काय? हिच्या बापानं निबेला धार लावली!"

"लावली तर लावली," आतून काकूंचा आवाज आला. "लेकीच्या वस्तूला हात तरी लावला. माझी विळी गणपतीपासून बोथट हाय, ती दिसली का तुम्हाला कधी?"

त्यानंतर काका एकदम कामाला लागले. फळीवरून चॉकलेटची एक जुनी बरणी उतरवली. ती मोडक्या पेनांमधून काढून ठेवलेल्या निबांनी भरली होती. फडक्यात धरून त्यांनी माझी निब ओढून काढली, तिच्याखालची शाई आणणारी काळी जिभली पुसली आणि बरणीतली एकेक निब बसवून बघू लागले. एक रुंद निघाली, एक सैल, एक गंजलेली. दर वेळी ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू मीच ती तशी घडवली होती. अखेर एक घट्ट बसली. शाईत बुडवून मी कागदावर ओळ ओढली आणि ती सरळ, ओली, न अडता गेली.

फक्त नवी निब पांढरी होती. जुनी पिवळी होती.

"जुनी टाक बरणीत," काका म्हणाले.

"नको. ती मला हवी."

"बरणीतलीपन नेतेस आणि आणलेलीपन परत नेतेस? मग बरणी भरायची कशी आम्ही?" ते पुटपुटले, पण त्यांनी ती कागदात गुंडाळून दिली. मला ती कशाला हवी होती, हे मलाही नीट सांगता आलं नसतं. बाबांच्या हातचं काम दुसऱ्याच्या बरणीत टाकवेना, एवढंच.

परतीच्या एसटीत मी फक्त रंगाचा विचार करत होते. घरी आले तर बाबा ओट्यावरच होते. त्यांनी पेन मागितलं. आधी पँटला हात पुसले, मग टोपण काढलं आणि निब डोळ्यांजवळ नेली.

"हे पिवळं होतं ना गो?"

मी पिशवीतून वही काढू लागले.

"घासल्यावर मळ उतरला बघ," ते स्वतःशीच म्हणाले. "लगेच कळत नाय. हळूहळू उतरतो." मग माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी सावकाश आपली सही केली. पेन कुठे अडलं नाही. ते त्या सहीकडे बघत राहिले. "दगड चांगलाच हाय आपला. पुढच्या दसऱ्याला परत लावू."

म्हणून आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, कॉलेजला निघायच्या आधी, मी पांढरी निब काढून कपाटात ठेवते आणि जुनी बसवून पेन अंगणात, विळीच्या शेजारी मांडून जाते. रंगाची आता काळजी नाही, घासून घासून तिचा पिवळेपणा केव्हाच गेला. टोक इतकं बारीक झालंय की पूजेच्या वेळी आई तिला लांबूनच कुंकू लावते.

यंदा मी परतले तेव्हा बाबा कोयत्याची धार बघतात तसा अंगठा त्या निबेवरून अलगद फिरवत होते.

"पहिल्या वर्षी जरा जास्त घासलं होतं गो मी," ते म्हणाले. "आता कुठं हात बसला."