एकट्याचे टायर

"घाटातल्या बर्फात तू आणि पोरं सुखरूप राहायला हवीत," असं म्हणत व्हर्नने घरच्या मोठ्या गाडीला चांगले थोरले टायर बसवून आणले. नोरीन हरखूनच गेली. अमेरिकेतल्या आयडाहोच्या त्या डोंगराळ गावात नवऱ्याने आपणहून टायर आणले, म्हणजे आणखी काय हवं! शेजारणींपुढे तिने ते मिरवलेही.

रविवारी चार पोरं आणि सासूबाईंना घेऊन ती चर्चला निघाली. पहिल्याच वळणावर टायर मडगार्डला करकरा घासू लागले. खड्ड्यात तर असा आवाज झाला, की सासूबाईंनी येशूचा धावा सुरू केला.

सोमवारी नोरीन टायरवाल्या ऑर्सनवर उखडली. "गाडी उंच न करता एवढे मोठे टायर बसवलेसच कसे? डोळे फुटले होते का?"

"माझ्यावर कशाला डाफरताय, वहिनी? मी व्हर्नला बजावलं होतं, एकच नंबर मोठा घे. त्याहून मोठे घेतलेस, तर मागे माणसं बसली की गाडी दबणार आणि टायर घासणार. त्याने एकट्याने बसून चक्कर मारली आणि म्हणाला, 'एल्क हरणांच्या शिकारीला मी एकटाच जातो. एकट्याला घासत नाहीत, हेच बसव.'"

नोरीन तडक घरी आली. व्हर्न ओट्यावर बंदूक पुसत बसला होता.

"काय म्हणाला ऑर्सन?"

"टायर उत्तम आहेत म्हणाला," ती म्हणाली. "गाडीत आम्हीच जास्त झालोय."