हयातीच्या दाखल्याखाली गेलेलं पत्र

आमच्या घरी सकाळचा क्रम ठरलेला आहे. आबा, माझे वडील, सहाला उठतात, मी त्याआधी. अंघोळी झाल्या की मेणबत्ती लावून दोघांनी त्रिशरण-पंचशील म्हणायचं, चहा घ्यायचा, आणि मग मी लॅपटॉप उघडून त्यांना पत्रं वाचून दाखवायची. काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. आई गेल्यावर ते माझ्याकडे जळगावला आले, तेव्हापासून सहा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. त्यानंतर कॉलेजात जाऊन ग्रंथपालाची नोकरी.

पत्रं म्हणजे ईमेल. आबा दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. त्यांच्या बरोबरच्यांनी फार पूर्वी ईमेलवर चर्चेचा एक गट काढला. एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्यांना जातं. पुढे व्हॉट्सॲप आलं, तरी म्हाताऱ्यांनी गट सोडला नाही. व्हॉट्सॲपवर नुसती फुलं येतात, इथे माणूस मुद्द्याचं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. मुद्द्याचं म्हणजे तीस वर्षांपूर्वी बॉयलरची नळी कुणाच्या पाळीत फुटली ते. बऱ्याच जणांना आता दिसत नाही किंवा टाइप करता येत नाही, म्हणून त्यांची मुलं-सुना गटात आहेत, बापाच्या वतीने. आबांच्या वतीने मी आणि माझा धाकटा भाऊ. तो धुळ्याला राहतो, नरडाण्याला कारखान्यात जातो. गट उघडा आहे. सभासद नसलेला माणूसही इंटरनेटवर सगळं वाचू शकतो. हे मला माहीत नव्हतं असं मुळीच नाही.

नोव्हेंबर आला की गटात एकच विषय, हयातीचा दाखला. पेन्शनवाल्याने दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवायचं, मशीनवर अंगठा ठेवून. जन्मभर पान्हे फिरवलेले अंगठे झिजून गुळगुळीत झालेले, ठसा उमटत नाही, आणि समोर धडधडीत उभा असलेला माणूस मशीनच्या लेखी गेलेला असतो. यंदा भावाने गटाला कळवलं, की आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. शेवटी एक ओळ होती: अक्का, आबांचा काढलास का? कसे आहेत?

मला भावाचं नाव दिसलं आणि ती ओळ दिसली. मी उत्तराचं बटण दाबलं. आमच्या गटात त्या बटणाने उत्तर एकट्याला जात नाही, सगळ्यांना जातं. सहा वर्षं आबांची उत्तरं मी त्याच बटणाने पाठवत आले होते.

मी लिहिलं, की दाखला नाही काढला, वेळ झाला नाही. आबा बरे आहेत, माझी कुणी चौकशी करत नाही. लिहिलं, की रोज सकाळी त्या म्हाताऱ्यांचं तेच ते बॉयलरपुराण वाचून मला वीट आलाय. चार महिने तरी त्यांना धुळ्याला ने, तुझं घर लहान आहे हे मला सांगू नको, माणसं मावतात. आणि मग ते वाक्य. एखाद्या सकाळी आबा उठलेच नाहीत, तर मी आधी झोपेन, रडेन नंतर.

दहा मिनिटांत भावाचा फोन आला. अक्का, हे तू सगळ्यांना का पाठवलं, एवढंच तो हळू आवाजात म्हणाला. गट चालवणारे काका भुसावळला असतात, त्यांना फोन केला, पत्र काढून टाका म्हटलं. ते बिचारे म्हणाले, पासवर्ड नातवाला माहीत, नातू परदेशात. शिवाय ज्यांच्याकडे पोचलं त्यांच्याकडे पोचलंच.

मग उत्तरं सुरू झाली. एकाने मला भगिनी म्हणून उपदेश केला. एकाने झोपेसाठी अश्वगंधा सांगितली. एकाने, आमच्या वेळी असं नव्हतं. एकाने मात्र लिहिलं, की आमच्या सुनेनेही हेच लिहिलं असतं, पण ती बोलून दाखवते. त्याचा राग आला नाही. सगळी पत्रं त्याच विषयाखाली येत होती, हयातीचा दाखला, हयातीचा दाखला. मला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. आबांच्या कानावर हे जायला नको होतं. त्यांना कळलं तर ते एक शब्दही न बोलता पिशवी भरतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला त्यांनी जायला हवं होतं आणि असं जायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो विषय अख्खा गाळून बाकीचं वाचलं. तिसऱ्या दिवशी बाकीचं काही उरलंच नव्हतं. सगळा गट माझ्यावर तुटून पडला होता. म्हणून मी जुनी पत्रं काढून आजची म्हणून वाचू लागले. पंचशीलात खोटं बोलणार नाही असं रोज आबांच्या सुरात सूर मिसळून म्हणायचं, आणि चहा संपला की खोटं वाचायला बसायचं. आठ दिवस मी हे केलं. आबा नेहमीसारखे मान तिरकी करून ऐकायचे. वाटलं, निभावलं.

नवव्या दिवशी मी घाईत एक पत्र उचललं. कुणी तरी विचारलं होतं, दाखल्यासाठी बँकेत कधी जावं, गर्दी केव्हा कमी असते. खालचं नावही वाचून टाकलं आणि मग लक्षात आलं. तो माणूस मागच्या वर्षीच वारला होता. आबांचा हात धरून मीच त्यांना अंत्यविधीला नेलं होतं.

आबांनी कप खाली ठेवला. एरवी ते माझ्याशी शहरातलं मराठी बोलतात. या वेळी गावचं बोलले.

"आते ते पत्र वाच. बठ्ठं."

बठ्ठं म्हणजे सगळं. कोणतं, असं विचारायची सोय नव्हती. पत्र गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी कॉलेजात असताना, आबांना दोघा-तिघांचे फोन येऊन गेले होते. म्हणजे आठ दिवस ते सगळं माहीत असून माझी शिळी पत्रं ऐकत बसले होते. का, म्हटलं. तूच वाचशील म्हणून थांबलो, म्हणाले.

मी वाचलं. बॉयलरपुराणावर ते किंचित हसले. त्या वाक्याशी मी थांबले, तर त्यांनी बोटानेच पुढे म्हणून खूण केली. तेही वाचलं. सहा वर्षांत मी त्यांना इतकं वाईट कधी वाचून दाखवलं नव्हतं.

बराच वेळ ते अंगठ्याने बोटं चोळत राहिले. "तू थकनी हाई माले दिखस," ते म्हणाले. "तेवढं दिखस." मग घसा साफ करून गटाला उत्तर सांगायला लागले, नेहमीच्या कागदी मराठीत. माझ्या मुलीचे पत्र मी ऐकले. त्यात लिहिलेले सर्व खरे आहे. याविषयी कोणीही तिला सल्ला देऊ नये. माझा अंगठा उमटत नाही, तरी दाखल्याचा अन्य मार्ग कोणास ठाऊक असल्यास कळवावे. भावाचं ते पत्र मी गाळलेल्यांत होतं, त्यामुळे चेहरा दाखवायचा मार्ग त्यांना अजून कळलेलाच नव्हता. मी सगळं टाइप केलं आणि तेच बटण दाबलं.

त्या दिवशी भावाने महिनाअखेरीला येतो म्हटलं. म्हणतो तसा येतोच असं नाही.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा उन्हं खिडकीतून पलंगावर आली होती. घड्याळात सव्वाआठ. घरात कसलाच आवाज नाही. पंचशील नाही, खोकला नाही, काठी नाही. माझं ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवलं. मी अनवाणी त्यांच्या खोलीकडे धावले.

आबा अंघोळ करून, शर्टाची बटणं खालीवर लावून, खुर्चीत बसले होते. मेणबत्ती लावलेली नव्हती. वंदना त्यांनी मनातल्या मनात म्हटली होती. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"मी उठेल शे," ते म्हणाले. "तू झोपी जाय आते."

मी परत जाऊन आडवी झाले. आधी रडले. झोप नंतर लागली.