घाटीबाबाची आवणी

१९५२च्या मार्गशीर्षात मी घाटावरचं आपलं गाव, तळेघर, सोडलं. निरोपाला आई, बाबा आणि तुमच्यातली धाकटी, तिघंच. आईने पाच रुपये हातावर ठेवले. बाबा म्हणाले, "कुठंबी जा, चिखलाला लाजू नको."

तुम्हां भावंडांना कोकणातून पत्रं लिहिली. मिठागराच्या ऑफिसातली नोकरी, पगार, नवे बूट, सगळं कळवलं. हे कळवलं नाही.

इथली खाडी डोंगरांच्या कुशीत. बाहेर समुद्र खवळला तरी आत पाणी शांत. काठावरचं कांदळांचं रान कोळीवाड्याने राखलेलं. पाण्यात उतरलेल्या त्या मुळांत कोलंबीची पिल्लं वाढतात, म्हणून तिथे कुणी कोयता लावत नाही. का लावत नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या वर्षी थोडी भातजमीन खंडाने घेतली आणि बाबांना बोलावलं. आपल्या रिवाजाने राब भाजायचा, फांद्या जाळून त्या राखेत भात पेरायचं. फांद्यांसाठी डोंगर चढून जाणं लांब पडत होतं. मी कांदळांकडे बोट दाखवलं, "ती तोडा, कुणाची नाहीत," आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी कोळ्यांचे पाटील दारात. "कुनी तोरली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत बसलो.

"म्या तोडली, पाटील. चुकलं," बाबा म्हणाले.

दंड एवढाच, की तोडलं तेवढं लावायचं. पावसाळ्यात कांदळांच्या लांब शेंगा पिकून गळेपर्यंत बाबा थांबले. मग मांडीभर चिखलात वाकून एकेक शेंग रोवू लागले, तीही दोरी धरल्यासारखी ओळीत. कोळणी हसून बेजार. "घाटीबाबा, भात लावतोस का रं?"

"मंग? आमाला दुसरं काय येतंय?" बाबाही हसले.

मी बांधावर उभा होतो. पायात बूट होते.

बाबा गेल्या वर्षी वारले. कांदळं आता कमरेएवढी झालीत. बाकी रान हवं तसं वाढलेलं, एवढाच तुकडा सरळ ओळींचा. होडीवाले त्याला घाटीबाबाची आवणी, म्हणजे भातलावणी, म्हणतात. घर म्हटलं की मला आधी तोच दिसतो, तळेघर मागून.

या श्रावणात एका ओळीतली चार रोपं मेलेली दिसली. बूट काढून उतरलो, शेंगा रोवल्या. पाटील बघत होते.

"पाटील, तोडायला मीच सांगितलं होतं."

"ठावं हाय."

"बाबा बोलले?"

"न्हाय. तू बांधावर उभा व्हतास ना."

खाडीला दंडाच्या चार शेंगा भरल्या. बाबांचं देणं तसंच राहिलं.